कुलूप लावायला घेतलेलं बंदर

मलाक्क्याच्या लाल चौकाचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. मलेशियाला जाऊन आलेले कुणीतरी नातेवाईक ते कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतातच: मागे लालभडक चर्च, पुढे कागदी फुलांनी आणि कार्टूनमधल्या बाहुल्यांनी मढवलेली सायकलरिक्षा, रिक्षात गॉगल लावलेले काका-काकू. या चौकाला ‘डच स्क्वेअर’ म्हणतात. आता त्यात डच किती, ते बघा. भिंतींचा लाल रंग इंग्रजांनी १९११ साली दिलेला. वलंदाजांच्या, म्हणजे डचांच्या, काळात या इमारती पांढऱ्या होत्या. मधला घड्याळाचा मनोरा १८८६ चा, एका श्रीमंत चिनी घराण्याने बांधून दिलेला. कारंजं व्हिक्टोरिया राणीच्या नावाचं. वलंदाजांचं म्हणावं ते सगळं त्या लाल रंगाच्या आत: स्टॅडथाइस नावाची गव्हर्नराची कचेरी, आणि १७४१ मध्ये पाया घालून १७५३ मध्ये पुरं झालेलं क्राइस्ट चर्च. आत जाऊन मान वर केलीत तर छताच्या तुळया दिसतात. प्रत्येक तुळई ४८ फुटांची आणि अख्ख्या एका झाडातून काढलेली, कुठे सांधा नाही.

मागच्या टेकडीच्या उतारावर ‘डच दफनभूमी’ आहे. तिथे ३८ थडगी आहेत, त्यातली ३३ इंग्रजांची आणि ५ वलंदाजांची. त्याला कारणही आहे: मोठ्या वलंदाजांना चर्चच्या फरशीखालीच पुरत. तरी तो आकडा डोक्यातून जात नाही. १६४१ ते १७९५ आणि पुन्हा १८१८ ते १८२५, म्हणजे दीडशेच्या वर वर्षं ज्यांनी इथे सत्ता गाजवली, त्यांच्या नावाच्या जागेतही ते पाहुण्यासारखेच.

मला या गावाचं वेड लागलं ते वेंगुर्ल्यामुळे. वेंगुर्ल्यात डच वखार आहे, म्हणजे तिचे अवशेष आहेत: जांभ्याच्या जाड भिंती, छप्पर गेलेलं, चिऱ्यांच्या फटींतून घुसलेल्या मुळ्या. लहानपणी सुट्टीत तिकडे निघालो की मामा ओटीवरूनच ओरडायचा, “खंय चल्लंस रे? थंय काय बघूक नाय, नुसती झाडां नि सरपां.” वलंदाज कोकणात कशाला आले होते, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: व्यापाराला. ते खोटं नव्हे, पण वेंगुर्ल्यात व्यापार असा कितीसा होता? ही वखार मुळात गोव्याच्या उशाला पहारा ठेवायला घातलेली होती.

१६३७ साली योहान फान ट्विस्ट नावाचा कंपनीचा वकील विजापूरच्या दरबारी गेला आणि आदिलशहाकडून वेंगुर्ल्यात वखार घालायची परवानगी घेऊन आला. कंपनी म्हणजे १६०२ मध्ये ॲमस्टरडॅममधल्या आणि इतर शहरांतल्या व्यापाऱ्यांनी मिळून काढलेली डच ईस्ट इंडिया कंपनी. त्या वेळी तिचा बाताव्हियातला, म्हणजे आजच्या जकार्तातला, गव्हर्नर जनरल होता आंतोनियो फान डिमेन. त्याचा बेत साधा होता: आधी गोव्याची नाकेबंदी. पावसाळा सरला की वलंदाजांचं आरमार गोव्याच्या मुखाशी नांगर टाकायचं आणि पुढचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत हलायचं नाही. १६३६ पासून १६४४ पर्यंत हे चाललं. १६३९ च्या सप्टेंबरात तर त्यांनी मुरगावच्या बंदरात घुसून पोर्तुगीजांची तीन मोठी गलबतं जाळली. या आरमाराला पाणी, दाणागोटा आणि मुख्य म्हणजे बातम्या पुरवायचं ठिकाण वेंगुर्ला.

गोव्याचा श्वास असा कोंडायचा कशासाठी? बरंच काही साधायचं होतं, पण त्यातलं एक मोठं म्हणजे मलाक्का. अफोंसो द अल्बुकर्क १५११ साली गोव्याहूनच निघून गेला होता आणि त्याने सुलतानाकडून मलाक्का जिंकलं होतं. तेव्हापासून त्या बंदराला शिबंदी, पैसा, गव्हर्नर, पाद्री सगळं गोव्याहून जायचं. गोव्याच्या खाडीतून गलबत बाहेर पडलं नाही तर मलाक्क्याला मदत पोचणार नव्हती.

ती पोचली नाहीच. वलंदाजांनी जोहोरच्या सुलतानाला बरोबर घेऊन १६४० च्या ऑगस्टमध्ये मलाक्क्याला वेढा घातला. तो लढाईपेक्षा भुकेचा आणि तापाचा वेढा होता. तटाच्या आत माणसं कुत्री-मांजरं खाऊ लागली, तटाबाहेर दलदलीतल्या तळावर वलंदाज शिपाई तापाने पटापट मरत होते. त्यांचे दोन सेनापती एकामागून एक रोगाने गेले. १४ जानेवारी १६४१ ला शेवटचा हल्ला चढवला तो तिसऱ्याने, मिने विलेम्सझोन कार्टेकूने. पोर्तुगीज कप्तान मानुएल द सोझा कुटिन्यो शहर पडलं त्याच सुमारास वारला. वेढ्याआधी शहर आणि भोवतालची वस्ती मिळून वीसेक हजार माणसं होती, वेढ्यानंतर तीनेक हजार उरली, असा तेव्हाच्या वलंदाज अधिकाऱ्यांचा अंदाज. काही मेली, बाकीची रानात आणि शेजारच्या मुलखात पांगली.

यातली विचित्र गोष्ट अशी की याच्या सहा आठवडे आधी, १ डिसेंबर १६४० ला, लिस्बनमध्ये पोर्तुगीजांनी स्पेनच्या राजाचं जोखड झुगारलं होतं. वलंदाजांचं वैर मूळचं स्पेनशी. काही महिन्यांतच पोर्तुगाल आणि नेदरलँड्स यांच्यात तह झाला. ती बातमी आफ्रिकेला वळसा घालून येईपर्यंत मलाक्का पडून, लुटून, झाडूनही झालं होतं.

आणि मलाक्क्याचा पहिला वलंदाज गव्हर्नर कोण? योहान फान ट्विस्ट. वेंगुर्ल्याची परवानगी आणणाराच. हे मला कळलं तेव्हा मामाच्या त्या झाडां-सरपांच्या जागेला एकदम टोक फुटलं, आणि ते टोक थेट मलाक्क्याच्या सामुद्रधुनीत जाऊन रुतलेलं निघालं.

इतकं करून जिंकलेल्या बंदराचं वलंदाजांनी केलं काय, हा खरा मुद्दा. अल्बुकर्कनंतर लगेच तिथे राहिलेल्या तोमे पिरेस या पोर्तुगीज औषधविक्याने मलाक्क्यात ८४ भाषा कानावर पडतात असं लिहून ठेवलंय. मलाक्का ज्याच्या हाती त्याच्या हाती व्हेनिसचा गळा, असंही त्याचंच म्हणणं. खंबायतचं कापड, चोळमंडळाचं कापड, बांदा बेटांची जायपत्री, मोलुक्काची लवंग, चीनचं रेशीम आणि चिनी माती, सगळं इथे बदलीला यायचं. मोसमी वारे बदलेपर्यंत व्यापाऱ्यांना थांबावं लागायचं, म्हणून इथे वस्त्या झाल्या, लग्नं झाली, देवळं आणि मशिदी झाल्या. असलं बंदर हाती आल्यावर कुणीही ते फुलवलं असतं.

वलंदाजांना ते फुलायला नकोच होतं. त्यांनी १६१९ मध्येच बाताव्हिया वसवलं होतं आणि सगळा आशियाई व्यापार तिथून हाकायचा हे ठरलेलं होतं. शिवाय त्यांच्या जहाजांना मलाक्क्याच्या वाटेने यायची गरजही नव्हती. हेन्ड्रिक ब्रौवरने १६११ साली दाखवून दिलं होतं की आफ्रिकेचं टोक ओलांडल्यावर उत्तरेला वळण्याऐवजी दक्षिणेच्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांवर सरळ पूर्वेला जावं आणि मग सुंदाच्या सामुद्रधुनीतून जावाला यावं. निम्मा वेळ वाचतो. म्हणजे मलाक्का त्यांच्या रस्त्यावरच नव्हतं. पेठेत आपलं दुकान जोरात चालू असताना समोरचा गाळा दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून आपणच विकत घ्यायचा आणि शटर ओढून ठेवायचं, तसला हा प्रकार. फक्त या गाळ्यात माणसं राहत होती.

शटर ओढायची पद्धत कागदी होती, आणि मला तीच सगळ्यात वलंदाजी वाटते. सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजाने मलाक्क्याला लागायचं, माल दाखवायचा, जकात भरायची आणि परवाना घ्यायचा. तो मराठी वाचकाला नवा नाही. पोर्तुगीजांच्या कार्ताझने कोकण किनाऱ्यावरच्या नाखव्यांना पिढ्यान्‌पिढ्या छळलंय. परवाना नसला की कंपनीची गस्तीची जहाजं पकडून आणायची. कथिलाचं तर आणखी वाईट. मलाया द्वीपकल्पातल्या पेराकसारख्या राज्यांत कथील निघायचं आणि हिंदुस्थानात, चीनमध्ये त्याला मागणी होती. कंपनीने तिथल्या सुलतानांशी करार केले: कथील फक्त आम्हाला, आम्ही ठरवू त्या भावाने. भाव अर्थातच बाजारापेक्षा कमी. मग जे व्हायचं तेच झालं. नदीच्या तोंडावर वलंदाजांचं जहाज, आणि रात्री आडवाटेने कथील भलत्याच गिऱ्हाइकाकडे. पेराकशी १६५० मध्ये करार झाला आणि १६५१ मध्ये तिथल्या वखारीतली वलंदाज माणसं कापली गेली. पुढे १६७० मध्ये त्यांनी पांगकोर बेटावर कथिलाच्या साठ्यासाठी विटांचा छोटा कोट बांधला. तो आजही तिथे आहे, ‘कोटा बलांदा’ नावाने.

गुजराती, मुसलमान, तमिळ व्यापाऱ्यांनी फार वाद घातला नाही. व्यापारी वाद घालत नाही, तो वाट बदलतो. कुणी अचेहला गेले, कुणी जोहोरला, आणि अठराव्या शतकात तर सिंगापूरच्या दक्षिणेला रियाऊ बेटांवर बुगी सरदारांनी मोकळं बंदर चालवलं तेव्हा तिथे सगळ्यांची रीघ लागली. १६७८ मध्ये गव्हर्नर बाल्थासार बोर्टने मलाक्क्यावर लांबलचक अहवाल लिहिला. त्याच्या मोजणीत गुलाम धरूनसुद्धा माणसं पाच हजारांच्या आतच भरली. दोन पिढ्या होऊनही शहर वेढ्याआधीच्या पावपटीवरच होतं. हे कंपनीचं अपयश म्हणायचं की यश, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कुलूप लावायचं होतं, ते लागलं होतं.

रियाऊवाल्यांनी एकदा हे कुलूप तोडायचा जोरदार प्रयत्न केला. १७८४ मध्ये बुगी नेता राजा हाजी आणि सेलांगोरचा सुलतान यांनी मलाक्का वेढलं. नेदरलँड्सहून आलेलं फान ब्रामचं आरमार वेळेवर पोचलं नसतं तर शहर पडलं असतं. १८ जूनला तेलुक केतापांगच्या लढाईत राजा हाजी मारला गेला. मलय परंपरा सांगते की शेवटच्या क्षणी त्याच्या एका हातात कट्यार होती आणि दुसऱ्या हातात प्रार्थनेचं पुस्तक. आज इंडोनेशियात तो राष्ट्रीय वीर आहे. मलाक्क्याच्या सेंट जॉन टेकडीवर वलंदाजांचा छोटा किल्ला आहे, तिथल्या तोफांची तोंडं समुद्राकडे नाहीत, जमिनीकडे आहेत. बंदराच्या मालकाला समुद्रापेक्षा शेजाऱ्यांची भीती जास्त होती.

इथे पाठवलेले अधिकारीही खुशीने येत असतील असं वाटत नाही. दक्षिण आफ्रिकेत १६५२ साली केपची वसाहत उभी करणारा यान फान रीबेक १६६२ ते १६६५ मलाक्क्याचा गव्हर्नर होता. त्याला बाताव्हियात मोठी जागा हवी होती. त्याची बायको मारिया २ नोव्हेंबर १६६४ ला इथेच वारली. टेकडीवरच्या सेंट पॉल चर्चच्या भिंतींना आजही मोठमोठ्या वलंदाजी शिळा टेकवून उभ्या केल्यात, पण तिची शिळा त्यांत नाही. ती विसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेला नेली. खाली क्राइस्ट चर्चच्या फरशीतली एक शिळा मात्र कुणी नेली नाही. ती याकोब शामिर नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याची, २९ व्या वर्षी, १७७४ मध्ये वारलेल्या. वाचणाऱ्याला तो आपल्या देशबांधवांच्या स्वातंत्र्याची खबर विचारतो. त्या चर्चमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलो तो या फरशीपाशी. आणि इराणातल्या इस्फहानकडच्या या आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या जाळ्याने सुरतेपासून मलाक्क्यापर्यंत किती किनारे बांधले होते, हा एक वेगळाच लेख होईल.

नदीपलीकडे गेलात की एकाच गल्लीत थोड्या थोड्या अंतरावर गणपतीचं देऊळ, मशीद आणि चिनी देऊळ. गणपतीचं देऊळ १७८१ चं. वलंदाजांनी तैवनायगम या चेट्टींच्या कप्तानाला जागा दिली आणि चेट्टींनी ते बांधलं. हे चेट्टी मूळचे तमिळ व्यापारी, सुलतानांच्या काळापासून इथे आलेले. त्यांनी स्थानिक बायकांशी लग्नं केली. घरात मलय बोलतात, पोशाख मलय, देव मात्र आपले. मशीद १७४८ ची, हिंदी मुसलमानांनी बांधलेली. तिचा मनार एखाद्या पॅगोडासारखा. चिनी देऊळ त्याहून जुनं, सतराव्या शतकातलं. पर्यटनखातं या गल्लीला सलोख्याची गल्ली म्हणतं आणि त्याचं श्रेय कधीकधी वलंदाजांच्या सहिष्णुतेलाही देऊन टाकतं. मला हे पटत नाही. कंपनीने प्रत्येक जमातीवर त्याच जमातीचा कप्तान नेमला होता. कर गोळा करणं, भांडणं मिटवणं त्याच्याकडे. अशा कारभारात चेट्टी गणपतीला पुजतात की आणखी कुणाला, याच्याशी हिशेबनिसाला काय कर्तव्य?

सहिष्णुता तपासायची तर कॅथलिकांकडे बघावं, कारण ते जुन्या धन्याचे. वलंदाज प्रोटेस्टंट, त्यांनी पाद्री हाकलले, उपासना बंद केली, टेकडीवरचं मारियेचं चर्च घेऊन त्याला सेंट पॉल नाव दिलं. हे चर्च गोंयकारांच्या ओळखीचं निघेल. चीनच्या किनाऱ्यावर १५५२ च्या डिसेंबरात वारलेल्या फ्रान्सिस झेवियरचं शव पुढचे काही महिने याच चर्चमध्ये होतं, आणि मग ते गोव्याला नेलं. बाहेर त्याचा पांढरा पुतळा आहे, १९५२ साली बसवलेला. बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यावर सुरूचं झाड कोसळलं आणि उजवा हात तुटला. झेवियरच्या शवाचा उजवा हातही १६१४ मध्ये कापून रोमला पाठवला होता, त्यामुळे भाविकांना यात जे दिसायचं ते दिसलं. पुतळा तसाच ठेवलाय.

कॅथलिक मात्र संपले नाहीत. काही वर्षं घराघरांत आणि रानात लपून प्रार्थना झाल्या, मग कंपनीचा हात सैल झाला आणि १७१० मध्ये त्यांचं सेंट पीटर चर्च उभं राहिलं. जागा दिली एका वलंदाजानेच. त्यांची क्रिस्तांग ही पोर्तुगीज-मलय मिश्र बोली आजही टिकून आहे. तिचं एक सख्खं भावंड आपल्याकडे रायगड जिल्ह्यात आहे: कुंडलिकेच्या मुखाशी, कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात. कोर्लईतली पोर्तुगीज बोली मराठीच्या शेजारी वाढली, मलाक्क्यातली मलयच्या शेजारी. चौलवर मराठ्यांचं राज्य आलं, मलाक्क्यावर वलंदाजांचं, तरी दोन्ही ठिकाणी गरीब कोळी-शेतकरी कॅथलिकांनी ती सोडली नाही. उलट वलंदाज शिपायांनी इथल्या पोर्तुगीज मिश्र घरांतल्या मुलींशी लग्नं केली आणि त्यांची पोरं आईची बोली बोलू लागली. प्रत्यक्ष बाताव्हियातही रस्त्यावर पोर्तुगीजच ऐकू यायची.

शेवट फार भव्य झाला नाही. १७९५ मध्ये फ्रेंचांनी नेदरलँड्स घेतलं, तिथला राजपुत्र इंग्लंडला पळाला आणि वसाहती इंग्रजांच्या स्वाधीन करा अशी पत्रं त्याने लिहिली. मलाक्का तसं दिलं गेलं. वलंदाज परत आले तर त्यांना मजबूत किल्ला मिळू नये म्हणून इंग्रजांनी १८०७ मध्ये तट पाडायला घेतला. मजूर हात लावायला तयार नव्हते, आत भुतं आहेत म्हणून. मग सुरुंग लावले. त्या वेळी मलाक्क्यात पोरवयात असलेल्या मुन्शी अब्दुल्लाहने पुढे लिहून ठेवलंय की हत्तीएवढे, काही तर घराएवढे तुकडे हवेत उडाले आणि समुद्रात जाऊन पडले. जांभ्याच्या चिऱ्यांचा इतका मोठा ढीग फुटताना कसा दिसला असेल, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. एक वेस वाचली, ‘पोर्ता द सांतियागो’. दार पोर्तुगीजांचं, माथ्यावर कंपनीची मुद्रा आणि ‘१६७०’ हे साल, आणि ती वाचवल्याचं श्रेय स्टॅमफर्ड रॅफल्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावावर.

त्याच रॅफल्सने १८१९ मध्ये सिंगापूरला मोकळं बंदर काढलं आणि मलाक्क्याची उरलीसुरली गिऱ्हाइकंही गेली. १८१८ मध्ये परत मिळालेलं मलाक्का वलंदाजांनी सहाच वर्षांत, १७ मार्च १८२४ च्या तहाने, इंग्रजांना देऊन टाकलं. बदल्यात घेतलं सुमात्रावरचं बेंकुलेन, तोट्यातलं मिऱ्याचं ठाणं. त्याच तहात हिंदुस्थानातली आपली सगळी ठाणीही त्यांनी सोडली. पुढच्या वर्षी झेंडा उतरला.

सगळी वलंदाज घराणी काही बाताव्हियाला गेली नाहीत. घरं इथे, बायका इथल्या, नोकऱ्या इंग्रजांच्या कचेऱ्यांत मिळाल्या. दोन-तीन पिढ्यांत लग्नांतून त्यांतली बरीच कॅथलिक झाली आणि क्रिस्तांग समाजातच मिसळली. शहराच्या दक्षिणेला समुद्राकाठी १९३० च्या दशकात कोळ्यांसाठी पोर्तुगीज वसाहत वसवली, तिथे आता रविवारी तळलेली मासळी खायला गर्दी होते. तिथल्या लोकांच्या आडनावांत द कोश्ता आणि द सिल्वा यांच्याबरोबर वेस्टरहाउट आणि ओव्हरी ही वलंदाजी नावंही सापडतात, आणि ही वेस्टरहाउट मंडळी भेटल्यावर एकमेकांची खुशाली क्रिस्तांगमध्ये विचारतात, “तेंग बोंग?”